पाणी कोठे अडले?

नीरा नदीवर वीर येथे जो बांध आहे, तेथून नीरा डावा कालवा निघतो. पुरंदर तालुक्यातून वाहत तो बारामती तालुक्यात शिरतो आणि पुढे इंदापूर तालुक्याकडे जातो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खोदलेल्या या कालव्याने आकाशाकडे डोळे लावून बसणाऱ्या या मुलखाचे रूप पालटून टाकले. कालव्याच्या काठी ऊस डोलू लागला, उसामागोमाग साखर कारखाने उभे राहिले, आणि अशाच एका सहकारी साखर कारखान्याभोवती सोमेश्वरनगर वसले. जवळच करंजे येथे सोमेश्वराचे जुने देवालय आहे. त्या देवाचेच नाव या वसाहतीला लाभले आहे.

कालव्याचे पाणी एकदम कोणाच्याही शेतात येत नाही. ते कालव्यातून वितरिकेत, वितरिकेतून चारीत, चारीतून पाटात आणि पाटातून उसाच्या सरीत उतरते. कधी कधी पाळी असूनही पाणी येत नाही. अशा वेळी उतावळा माणूस पाटाच्या तोंडाशी उभा राहून संताप करतो. जाणता शेतकरी मात्र खांद्यावर फावडे टाकतो आणि चारीच्या कडेकडेने वर चालू लागतो. जेथे पाणी वाहताना दिसते, तेथे तो थांबतो. ‘पाणी येथवर आले आहे, खाली आलेले नाही, तेव्हा अडथळा या दोहोंच्या मध्येच असला पाहिजे,’ असा त्याचा हिशेब असतो. मग थोडेच अंतर धुंडाळायचे उरते. कोठे पाचटाचा बोळा अडकलेला असतो, कोठे खेकड्यांनी बांधाला भोक पाडलेले असते, तर कोठे दारच उघडलेले नसते.

ही रीत केवळ पाण्याच्या उपयोगाची आहे, असे मात्र नव्हे. तिचा उपयोग किती दूरवर होतो, हे समजण्यासाठी सोमेश्वरनगरच्या परिसरातील एखाद्या शेतकऱ्याच्या घरी घडावा असा एक प्रसंग पाहण्यासारखा आहे.

त्या घरातील मोठी मुलगी महाविद्यालयात शिकत होती. तिने तीन महिने दर रविवारी गावातील वीस विहिरींवर जाऊन पाण्याची पातळी मोजली होती. दोरीला वजन बांधून ती विहिरीत सोडायची, भिजलेला भाग पाहून कोरड्या दोरीची लांबी मोजायची आणि तो आकडा टिपून घ्यायचा, असा तिचा क्रम असे. हे सारे आकडे व त्यांवरून लिहिलेला अहवाल तिच्या लॅपटॉपमध्ये होता. अहवाल देण्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार होती. टिपणवही तर पावसात भिजून खराब झाली होती, आणि अहवालाची दुसरी प्रत कोठेही नव्हती.

सकाळी तिने लॅपटॉपची कळ दाबली. पडदा काळाच राहिला. तिने पुन्हा कळ दाबली, मग दहा वेळा दाबली, मग झाकण उघडले व मिटले, चार्जरची तार ओढली व खुपसली. यंत्र मुकेच राहिले. “तीन महिन्यांचे कष्ट वाया गेले!” असे म्हणून ती डोके धरून बसली.

तिचे आजोबा पडवीत बसले होते. त्यांना घरातील सर्व जण आबा म्हणत. आबांनी उभ्या जन्मात लॅपटॉपला हात लावला नव्हता. पण चारीच्या कडेने ते पन्नास वर्षे चालले होते. ते शांतपणे म्हणाले, “पोरी, सरीत पाणी नाही म्हणून सरीला बोल लावून काय उपयोग? या पेटीत काय कशाच्या मागून येते, ते आधी मला सांग. मग वरपासून बघत येऊ.”

आबांनी विचारलेला हा प्रश्नच सर्वांत महत्त्वाचा होता. कोणतेही यंत्र का बंद पडले हे शोधण्यापूर्वी ते चालते कसे, हे ठाऊक असावे लागते.

लॅपटॉप सुरू होण्याची क्रिया एका क्षणाची वाटली तरी तिचे चार टप्पे असतात. पहिला टप्पा विजेचा. भिंतीतील खटक्यापाशी सुमारे २३० व्होल्ट दाबाची, दिशा बदलत राहणारी वीज असते. लॅपटॉपला ती जशीच्या तशी चालत नाही. चार्जर तिचे कमी दाबाच्या, एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेत रूपांतर करतो. अनेक लॅपटॉपांसाठी हा दाब सुमारे १९ ते २० व्होल्ट असतो. ही वीज यंत्रात जाते आणि बॅटरीतही साठते. दुसरा टप्पा तपासणीचा. वीज मिळताच यंत्र स्वतःची परीक्षा घेते. प्रोसेसर, मेमरी, पडदा, कळफलक जागेवर आहेत की नाहीत हे पाहते. तिसरा टप्पा शोधाचा. ज्या डिस्कवर यंत्राची कार्यप्रणाली साठविलेली असते, ती डिस्क ते शोधून काढते. चौथ्या टप्प्यात ही कार्यप्रणाली डिस्कवरून मेमरीत उतरते, आणि मग परिचित चित्र पडद्यावर दिसू लागते.

येथे एक कोडे उभे राहते. मेमरीतील मजकूर वीज जाताच पुसला जातो. म्हणजे आरंभी मेमरी कोरी असते. डिस्कवरून कार्यप्रणाली आणावी, तर ती आणण्याच्याही सूचना यंत्राला कोणीतरी द्यावयास हव्यात. त्या पहिल्या सूचना येतात कोठून?

या कोड्याचे उत्तर साखर कारखान्यात सापडते. कारखान्याचा बॉयलर बगॅसवर, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चोथ्यावर चालतो. बॉयलरच्या वाफेने यंत्रे फिरतात, आणि यंत्रे फिरली म्हणजेच उसाचा चोथा मिळतो. मग गळीत हंगामाच्या पहिल्या दिवशी, गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडण्यापूर्वी, बॉयलर पेटवावयाचा कशाने? त्यासाठी कारखाने आदल्या हंगामातील थोडा बगॅस राखून ठेवतात. राखून ठेवलेल्या या इंधनाने पहिली आग पेटते आणि मग चक्र सुरू होते. लॅपटॉपच्या मुख्य पट्टीवरही असाच एक ‘राखीव’ भाग असतो. तो म्हणजे एक छोटी चिप. वीज गेली तरी तिच्यातील सूचना पुसल्या जात नाहीत. त्या सूचनांना पूर्वी बायोस म्हणत. नव्या यंत्रांत त्यांची जागा यूईएफआय नावाच्या सूचनासंचाने घेतली आहे. यंत्र जागे झाले की प्रथम हाच आवाज ऐकते.

ताईने हे टप्पे समजावून सांगितले, तेव्हा आबा म्हणाले, “म्हणजे भिंत हा कालवा आणि पडदा ही सरी. चला, कालव्यापासून निघू.”

सातवीत शिकणारा धाकटा भाऊ पुढे झाला. लॅपटॉपचा चार्जर एका जोडफळीला लावलेला होता, आणि ती फळी भिंतीतील खटक्याला जोडलेली होती. त्याने भिंतीच्या खटक्यात टेबलावरचा दिवा लावून पाहिला. दिवा लागला. म्हणजे कालव्यात पाणी होते. मग तोच दिवा त्याने जोडफळीत लावला. दिवा लागला नाही! पाणी येथवर होते आणि तेथे नव्हते. रात्री वीज गेली होती आणि मग एकदम जोराने आली होती. त्या धक्क्याने जोडफळीतील फ्यूज वितळला असावा. चार्जर रात्रभर लावलेला होता खरा, पण त्याला वीजच मिळत नव्हती, आणि बॅटरी रिकामी झाली होती.

भाऊ म्हणाला, “ताई, चार्जर भिंतीला लावू, बॅटरी काढू, मागचे झाकणही उघडू!” आबांनी त्याचा हात धरला. “एका वेळी एकच दार उघडावे. दोन दारे एकदम उघडलीस, तर पाणी कोणत्या दाराने आले, हे तुला कसे कळणार?”

म्हणून केवळ चार्जर भिंतीला लावला. चार्जरवरील बारीक दिवा लागला. मग लॅपटॉपच्या कडेचा दिवाही लागला. बॅटरी अगदी रिकामी झाली असेल, तर कित्येकदा यंत्र लगेच सुरू होत नाही. म्हणून अर्धा तास वाट पाहणे इष्ट असते. तेवढा वेळ सर्वांनी धीर धरला. मग ताईने कळ एकदाच दाबली. पंखा गुणगुणला. पडदा उजळला. घरात आनंद झाला.

परंतु तो क्षणभरच टिकला. नेहमीचे चित्र येण्याऐवजी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक इंग्रजी वाक्य उमटले. कार्यप्रणाली असलेली डिस्क सापडत नाही, असा त्याचा आशय होता. ताईचा चेहरा पुन्हा उतरला. डिस्कच गेली, असे तिला वाटले.

अशा वेळी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली ही की, एक दोष सापडला म्हणजे सगळे दोष सापडले, असे होत नाही. चारीतील एक बोळा काढला की पाणी पुढे धावते आणि दुसऱ्या बोळ्यापाशी अडते. तोवर तो दुसरा बोळा दिसतच नाही. दुसरी गोष्ट ही की, यंत्र बोलू लागले असेल तर त्याचे बोलणे नीट वाचावे. भीतीपोटी माणसे पडद्यावरील वाक्य न वाचताच पुसून टाकतात. वास्तविक ते वाक्य म्हणजे चारीच्या कडेला लावलेली खूण होय. पहिला व दुसरा टप्पा पार पडला आहे, आणि अडथळा तिसऱ्या टप्प्यावर आहे, हे त्या एका वाक्याने सांगितले होते.

भावाने वाक्य वहीत उतरून घेतले. मग त्याने यंत्राच्या चारही कडा पाहिल्या. डाव्या बाजूला एक पेनड्राइव्ह अडकवलेला होता. काही यंत्रांची, विशेषतः जुन्या यंत्रांची, अशी रचना असते की ती आरंभी बाहेरून जोडलेल्या साधनातच कार्यप्रणाली शोधतात. त्या पेनड्राइव्हमध्ये छायाचित्रांखेरीज काही नव्हते. कार्यप्रणाली तेथे सापडत नाही असे म्हणून यंत्र तेथेच अडून बसले होते. आतली डिस्क त्याने पाहिलीच नव्हती. पेनड्राइव्ह काढला, यंत्र पुन्हा सुरू केले, आणि काही क्षणांतच परिचित चित्र दिसू लागले. अहवाल जेथल्या तेथे होता. वीस विहिरींची पातळी, तेरा रविवारांचे आकडे, सारे सुखरूप होते.

प्रत्येक वेळी दोष इतका साधा असतो असे नाही. तथापि बाहेरून आत आणि सोप्याकडून अवघडाकडे जाण्याची रीत प्रत्येक वेळी उपयोगी पडते. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा राहतो, असे झाले तर अंधाऱ्या खोलीत पडद्यावर विजेरीचा झोत तिरपा टाकून पाहतात. अंधूक चित्र दिसले तर यंत्र ठीक आहे, केवळ पडद्यामागचा उजेड गेला आहे, असे समजते. लॅपटॉप तारेने दूरचित्रवाणी संचाला जोडूनही हीच परीक्षा करता येते. कधी यंत्रात थोडा वीजभार साचून राहतो आणि ते गोंधळते. अशा वेळी चार्जर काढून, आणि बॅटरी सहज निघण्याजोगी असल्यास तीही काढून, कळ सुमारे अर्धा मिनिट दाबून धरतात. मग पुन्हा चार्जर लावून यंत्र सुरू करतात. यंत्र सुरू होताना ठराविक वेळा ‘टूं टूं’ असा आवाज करीत असेल, किंवा दिवा ठराविक वेळा लुकलुकत असेल, तर ते निरर्थक नसते. मेमरी नीट बसलेली नाही किंवा दुसरा एखादा भाग बिघडला आहे, हे यंत्र त्या खुणेने सांगत असते. किती वेळा आवाज झाला हे मोजून लिहून ठेवले, तर दुरुस्ती करणाऱ्याचे निम्मे काम होते.

यंत्र सुरू होऊन थोड्याच वेळात बंद पडत असेल, तर ते तापत आहे काय, हे पाहावे लागते. उन्हाळ्यातील धूळ आणि शेतात पाचट जाळल्याची काजळी वाऱ्याबरोबर घरात येते व यंत्राच्या हवेच्या झरोक्यांत साचते. झरोके बुजले म्हणजे आतली उष्णता बाहेर जात नाही, आणि स्वतःला वाचविण्यासाठी यंत्र आपण होऊन बंद होते. गादीवर किंवा उशीवर लॅपटॉप ठेवून काम केले, तरी हाच परिणाम होतो.

काही प्रसंगी मात्र शोध थांबविणे हेच शहाणपण ठरते. लॅपटॉपची पाठ फुगलेली दिसली, तर आतील बॅटरी फुगली आहे असे समजावे. अशी बॅटरी दाबली किंवा टोचली, तर पेट घेऊ शकते. म्हणून चार्जर काढून यंत्र बंद करावे आणि जाणकाराच्या स्वाधीन करावे. यंत्रावर पाणी किंवा चहा सांडला, तर सुरू होते की नाही हे पाहण्याचा मोह आवरावा. वीज तोडून यंत्र बंद ठेवावे. भलत्या चार्जरने काम भागविणेही घातक असते. चार्जरवर छापलेला व्होल्टचा आकडा यंत्राला लागणाऱ्या आकड्याशी जुळलाच पाहिजे. भिंतीतील वीज आणि चार्जरची पेटी यांना तर मुलांनी कधीही उघडून हात लावू नये. ते काम मोठ्यांचे व शिकलेल्या कारागिराचे होय. चारीतील बोळा कोणीही काढावा, पण धरणाचे दार उघडण्याचा अधिकार सर्वांना नसतो.

यंत्रे बंद पडणे आणि माणसांनी त्यांचा दोष शोधणे ही गोष्ट संगणकाइतकीच जुनी आहे. अमेरिकेतील एनिॲक हा संगणक १९४६ साली जगापुढे आला. त्यात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या, आणि त्यांतील एखादी जळली की काम थांबे. यंत्र बंद करून पुन्हा चालू करताना नळ्या अधिक जळतात, हे तेथील अभियंत्यांच्या ध्यानात आले. म्हणून ते यंत्र होईल तितके बंद न करता चालूच ठेवीत. पुढे १९४७ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या एका यंत्रात बिघाड झाला, तेव्हा शोधता शोधता आत अडकलेला एक पतंग सापडला. तंत्रज्ञांनी तो पतंग चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवून ठेवला. यंत्रातील दोषाला इंग्रजीत ‘बग’, म्हणजे किडा, म्हणण्याची रीत त्याही आधीची होती. त्या दिवशी मात्र खराखुरा किडा हाती लागला! त्या नोंदवहीचे ते पान अमेरिकेतील संग्रहालयात जपून ठेवले आहे.

महाराष्ट्रानेही हा अनुभव घेतला आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय शास्त्रज्ञांनी व अभियंत्यांनी स्वतः संगणक बांधावयास घेतला. १९५६ साली त्याचा छोटा नमुना तयार झाला आणि १९६० साली पूर्ण यंत्र काम करू लागले. १९६२ साली पंडित जवाहरलाल नेहरू यांनी त्याला ‘टिफ्रॅक’ असे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. ज्यांनी ते यंत्र स्वतः जोडले, त्यांना त्याचा प्रत्येक टप्पा ठाऊक होता. म्हणूनच बिघाड कोठे झाला हे ते शोधू शकत. पुढे १९८८ साली पुण्यात प्रगत संगणनासाठी सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि १९९१ साली तिने ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. यंत्रे बदलली, लहान झाली, वेगवान झाली. दोष शोधण्याची रीत मात्र तीच राहिली आहे.

सोमेश्वरनगरच्या त्या घरात त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली. अहवाल पाठवून झाल्यावर ताईने सारे आकडे पेनड्राइव्हवर उतरविले आणि एक छापील प्रत शेजारच्या गावी मामांकडे ठेवावयास दिली. डिस्क आज वाचली. पण डिस्क हीसुद्धा एक वस्तूच आहे, आणि ती एक ना एक दिवस बिघडणारच. यंत्र पुन्हा विकत मिळते. त्या तेरा रविवारी विहिरींत किती पाणी होते, हे मात्र कोणत्याही दुकानात मिळणार नाही. म्हणून मोलाच्या गोष्टीची एक प्रत दुसऱ्या साधनावर आणि एक प्रत दुसऱ्या जागी ठेवावी, असा जाणकारांचा दंडक आहे.

संध्याकाळी भावाने आपल्या वहीत दिवसभराच्या खटाटोपाची नोंद केली: काय दिसले, काय बदलले, आणि त्यानंतर काय झाले. ती ऐकून आबा प्रसन्नपणे म्हणाले, “यंत्राची भाषा मला येत नाही. पण अडलेले पाणी आरडाओरड्याने सुटत नाही, आणि कडेने चालत जाणाऱ्याला ते सापडल्यावाचून राहत नाही, एवढे मला ठाऊक आहे.”

एवढे बोलून त्यांनी फावडे उचलले. त्या रात्री त्यांच्या उसाची पाळी होती.